समुद्रातली मासळी कोण मोजतो?

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. इथून समुद्र गाठण्यासाठी त्याला नंदुरबार, खंबायत असा लांबचा रस्ता धरावा लागला. आज दौलताबाद-औरंगाबादच्या लोकांना एवढे चालावे लागत नाही, समुद्रच पोत्यात भरून आमच्याकडे येतो. आठवडी बाजारात मांडलेले सुके बोंबील, सुकट आणि जवळा एवढीच मराठवाड्यातल्या बहुतेकांची अरबी समुद्राशी ओळख असते. मासळीचा भाव वाढला की दुकानदार म्हणतो, ‘‘समुद्रात माल राहिला नाही.’’ त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी असते की देशाच्या समुद्रात मासळीचे साठे आधीच्या अंदाजापेक्षा जास्त आहेत. यातले खरे काय? आणि पाण्याखालची मासळी मोजली कोणी, कशी?

या मोजणीला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे. तो समजून घेतला, तर बातमीतला आकडा कसा वाचायचा हेही कळते.

आधी एक फरक लक्षात घेऊ. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिची माणसे बंदरांवर जाऊन, ठरावीक दिवशी ठरावीक बोटींची मासळी पाहून, वर्षभरात किती मासळी उतरली याचा अंदाज काढतात. ही बाहेर आलेल्या मासळीची मोजणी झाली. विहिरीतून किती बादल्या काढल्या यावरून विहिरीत किती पाणी उरले हे कळत नाही, तसेच हे आहे. आत काय आहे ते पाहायचे तर समुद्रात जावे लागते. ते काम प्रामुख्याने भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था करते. तिचे मुख्यालय मुंबईत आहे.

समुद्रात जाऊन पाहण्याची सुरुवात इंग्रजांनी केली. १९०८ मध्ये ‘गोल्डन क्राउन’ नावाचे वाफेचे ट्रॉलर बंगालच्या उपसागरात फिरले. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ हे ट्रॉलर आपल्या किनाऱ्यावर चालवून पाहिले. पुढे मद्रासकडे ‘लेडी गोशेन’ने तेच केले. या बोटींपुढचा सवाल सरळ व्यापारी होता: युरोपात जसे ट्रॉलर चालतात तसे इथे चालवले तर परवडेल का? समुद्रात किती मासे आहेत यापेक्षा किती काढता येतील, हे आधी विचारले गेले. १९४६ मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र सुरू झाले, तेही अन्नटंचाईच्या काळात. त्यामागेही अधिक मासळी काढण्याचीच गरज होती. याच केंद्रातून वाढत गेलेल्या संस्थेला १९८३ मध्ये आजचे नाव मिळाले.

ट्रॉलने मोजणी कशी होते? ट्रॉल म्हणजे बोटीमागे तळाशी ओढत नेलेले पिशवीसारखे जाळे. समजा, जाळ्याचे तोंड २० मीटर पसरते आणि बोट तासाला साडेपाच किलोमीटर चालते. तासाभरात जाळे सुमारे ०.११ चौरस किलोमीटर तळ झाडून काढते. त्यात १०० किलो मासळी आली, तर एका चौरस किलोमीटरला सुमारे ९०० किलो पडतात. असे अनेक ठिकाणी, वेगवेगळ्या खोलीवर ओढायचे, सरासरी काढायची आणि एकूण क्षेत्रफळाने गुणायचे. १० हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात ९ हजार टन मासळी आहे, असे उत्तर येते.

पण जाळ्यासमोरची सगळी मासळी जाळ्यात येते का? काही वरून निसटते, काही बाजूने, बारीक मासळी जाळ्याच्या डोळ्यांतून. निम्मी निसटली असे मानले, तर तोच साठा १८ हजार टन होतो. म्हणजे समुद्र तोच, बोट तीच, मासळी तीच, फक्त एका गृहीतकाने आकडा दुप्पट होतो. हे गृहीतक शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे, प्रयोग करून ठरवतात. तरीही ते गृहीतकच असते, आणि बातमीपर्यंत पोहोचताना ते गळून पडते.

दुसरी पद्धत आवाजाची आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. जहाजाच्या बुडाखालून आवाजाचा ठोका सोडायचा आणि तो कशावर आदळून किती वेळात परत येतो ते पाहायचे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी हे तंत्र पुढे नेले. युद्ध संपल्यावर खोली मोजायला ते सर्रास वापरले जाऊ लागले. १९३५ मध्ये नॉर्वेच्या ऑस्कर सुंड यांनी कॉड माशांच्या थव्याचे असे ध्वनिचित्र प्रसिद्ध केले.

याच काळात अरबी समुद्रात एक जहाज फिरत होते, ज्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी काढत नाही. त्याचे नाव ‘मबाहिस’. अरबीत त्याचा अर्थ ‘संशोधने’ असा होतो. जहाज इजिप्त सरकारचे होते आणि खलाशी इजिप्तचे. १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेसाठी इजिप्तने ते दिले होते. मोहिमेचे नेतृत्व सेमूर सेवेल या इंग्रज शास्त्रज्ञाकडे असले, तरी जहाजावर अब्देल फत्ताह मोहम्मद हे रसायनशास्त्रज्ञ आणि हुसेन फौझी हे डॉक्टर-जीवशास्त्रज्ञ होते. फौझींनी पुढे या प्रवासावर अरबीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावात आधुनिक सिंदबाद आहे. ‘मबाहिस’ने आवाजाने खोली मोजत समुद्रतळावरचे डोंगर शोधले आणि जाळी ओढून तळावरचे जीव वर काढले. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू अतिशय कमी असलेला एक जाड थर आहे. तो तळाला जिथे टेकतो अशा काही ठिकाणी जाळे जवळजवळ रिकामे आले. समुद्र सगळीकडे सारखा भरलेला नाही, हे त्या रिकाम्या जाळ्यांनी सांगितले. आपल्या समुद्राची मोजणी करताना सरासरी किती धोक्याची आहे, याचा तो पहिला धडा होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाला आवाजाच्या यंत्रावर समुद्राच्या मध्यावर एक खोटाच तळ दिसू लागला. दिवसा खोल असणारा हा तळ रात्री वर यायचा. तो तळ नव्हताच. लहान मासे आणि इतर जीव यांचा तो अफाट थर होता, जो रात्री खायला वर येतो. १९६५ च्या सुमारास नॉर्वेत परत येणाऱ्या आवाजांची बेरीज करणारे यंत्र तयार झाले. आता थवा दिसला एवढ्यावर न थांबता त्यात किती मासळी असेल याचा हिशेब मांडता येऊ लागला. १९७१ ते १९७५ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने कोचीला जो प्रकल्प चालला, त्यात तारली आणि बांगडा यांचे साठे याच पद्धतीने शोधले गेले. त्याच्या बोटींची नावेसुद्धा त्या माशांच्या शास्त्रीय नावांवरून, ‘सार्डिनेला’ आणि ‘रास्ट्रेलिगर’ अशी होती. १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेले ७१.५ मीटर लांबीचे ‘सागर संपदा’ भारताच्या सेवेत आले. आवाजाची यंत्रे आणि ट्रॉल दोन्ही एकाच जहाजावर. आवाज सांगतो की इथे काहीतरी आहे, जाळे सांगते ते काय आहे.

आता गंमत पाहा. माशाच्या अंगावरून आवाज परततो तो बहुतांशी त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यावरून. घोळीच्या पोटातला हाच फुगा, ज्याला बोत म्हणतात, सोन्याच्या भावाने विकला जातो. पण बोंबलाच्या पोटात असा फुगा नसतो. कोळंबी आणि जवळ्यातही नसतो. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्याची जी खास ओळख, डोल जाळ्यात भरतीओहोटीच्या पाण्याबरोबर येणारी, वाळवून गरिबाच्या ताटापर्यंत पोहोचणारी मासळी, तीच या यंत्राला फार हळू ऐकू येते. यंत्राचा यात काही दोष नाही. मात्र ज्याला जे ऐकू येते, त्याचीच मोजणी तो नीट करतो.

मासा कशाला म्हणायचे, हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. कोकणातले शाफई मुसलमान कोळंबी निर्धास्त खातात. आमच्या हनफी घरांत झिंगा मासा आहे की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद चालत आले आहेत. फिक्हमध्ये व्याख्या बदलली की ताट बदलते, मत्स्यशास्त्रात व्याख्या बदलली की साठा बदलतो. फरक इतकाच की फिक्हमधला मतभेद उघडपणे नोंदवलेला असतो, कोण काय म्हणाले ते नावासह. सरकारी आकड्याबरोबर मात्र असा मतभेद क्वचितच छापला जातो.

हा मतभेद किती मोठा असू शकतो, याचे उदाहरण आपल्याच समुद्रातले आहे. १९७५-७६ मध्ये ‘डॉ. फ्रिद्योफ नान्सेन’ या नॉर्वेच्या जहाजाने अरबी समुद्राची आवाजाने पाहणी केली. अंगावर उजेडाचे ठिपके असलेले बोटभर लांबीचे मासे, ज्यांना लँटर्नफिश म्हणतात, ते या समुद्रात सुमारे १० कोटी टन असावेत असा अंदाज त्यातून निघाला. १९८० मध्ये अशा मध्यखोलीच्या माशांचा जगभरचा अंदाज आला १०० कोटी टन, तो मुख्यतः जाळ्यांच्या आधाराने. २०१४ मध्ये स्पॅनिश मोहिमेच्या ध्वनिमापनावरून आकडा आला १००० कोटी टन. दसपट! मासे दसपट झाले नव्हते. ते जाळे पाहून पळतात, हे लक्षात आले होते. पण आवाजाचेही तसेच आहे. जेलीसारख्या काही जिवांतही हवेचे फुगे असतात आणि ते मोठ्या माशाइतका आवाज परतवतात. जाळे कमी सांगते, आवाज कधी कधी जास्त सांगतो, आणि खरे उत्तर मधे कुठेतरी असते.

आता देशाच्या आकड्याकडे येऊ. १९७६ च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर भारताचा आर्थिक हक्क आला, सुमारे २० लाख चौरस किलोमीटर. त्यातून दरवर्षी किती मासळी काढता येईल, याचा अंदाज २००० मध्ये ३९.३ लाख टन, २०११ मध्ये ४४.१ लाख टन आणि २०१८ मध्ये ५३.१ लाख टन असा चढत गेला. वाचणाऱ्याला वाटते, समुद्र भरत चालला आहे. पण असा अंदाज चढला म्हणजे मासळी वाढली असे नव्हे. माहिती वाढली, हिशेबाची पद्धत बदलली तरी तो चढतो. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या बंदरांवर २.०१ लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांनी मासेमारीचे दिवस खाल्ले, हे खरे. तरीही देशाचा चढता अंदाज आणि राज्याचा पडता उतारा शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

कारण या आकड्यांवर कुणाचे तरी पोट अवलंबून असते. रत्नागिरीच्या राजिवड्यातला दालदी मुसलमान आणि सातपाटीचा कोळी यांनी पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्याजवळ मासेमारी केली. ‘साठा भरपूर आहे’ असे वाक्य कागदावर आले की मोठ्या बोटींना कर्ज आणि परवाना मिळणे सोपे जाते. पर्ससीन जाळी अख्खा थवा घेरून उचलू लागली आणि छोट्या बोटी रिकाम्या परतू लागल्या, तेव्हा भांडण पेटले. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले. मोजणी ज्यांनी आयुष्यभर केली, त्यांच्यापैकीच एकाने हात आवरायला सांगितले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पर्ससीनवर पोट असलेले खलाशीही गरीबच आहेत, त्यात आपली माणसेही आहेत. म्हणून हा वाद हिंदू-मुसलमान किंवा चांगले-वाईट असा मांडता येत नाही.

चुकीच्या मोजणीची किंमत कॅनडाने मोजली आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर व्यापारी बोटींना कॉड भरपूर मिळत होता, म्हणून साठा चांगला आहे असे धरले गेले. संशोधन जहाजांचे ट्रॉल त्याहून कमी सांगत होते. उरलेला कॉड काही ठिकाणी गोळा झाला होता आणि बोटींची यंत्रे अधिक तरबेज झाली होती, एवढेच. जुलै १९९२ मध्ये कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि हजारो कुटुंबांचा रोजगार एका दिवसात गेला.

यावरून शास्त्रज्ञांवर अविश्वास दाखवायचा का? मुळीच नाही. महिनोन्‌महिने समुद्रात राहून, जाळ्यातला एकेक मासा वेगळा करून, मोजून लिहिणारे हे लोक नसते तर आपल्याकडे बाजारातली अफवा तेवढी उरली असती. मागणी एवढीच आहे की त्यांच्या अहवालात असलेली ‘इतके ते इतके’ ही मर्यादा लोकांपर्यंत पोहोचावी, फक्त मोठा आकडा नव्हे. कोणत्या माशाची मोजणी पक्की आणि कोणाची कच्ची, हे मराठीत आणि बंदरावर सांगितले जावे. आणि यंत्राला ऐकू न येणाऱ्या बोंबलाबद्दल डोल लावणाऱ्यालाही विचारले जावे.

समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, तो अमानत आहे, असे आपण म्हणतो. अमानतीचा हिशेब देताना नक्की माहीत नसलेली रक्कम वाढवून लिहिणारा माणूस आपण भरवशाचा मानत नाही. मासळीच्या हिशेबालाही हाच नियम लावायला हवा: शंका असेल तिथे कमी धरा, आणि शंका आहे हे लिहून ठेवा.