सोलापूरची वस्ती व कुंभारीचा माळ

सोलापुरांतील तेलुगुभाषी पद्मशाली विणकर परका आहे, असें बोलणें कोठें कोठें ऐकूं येतें. या समजुतीची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम भाषेचा विचार करूं. भाषेवरूनच परकेपण ठरवावयाचें तर ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वरांचें काय करावें? बाराव्या शतकांतील या सिद्धपुरुषाचीं वचनें कानडींत आहेत. तात्पर्य, एकभाषिक सोलापूर केव्हांहि नव्हतें.

आतां व्यापाराकडे वळूं. १८६० सालीं मुंबईचा लोहमार्ग येथें आला. १८७१ सालीं तो रायचूर येथें मद्रासच्या मार्गास मिळाला, व १८७४ सालीं वाडीहून सिकंदराबादेपर्यंत गाडी सुरू झाल्यानें तेलंगणहि जोडलें गेलें. १८७६-७७ चा दुष्काळ चालू असतां मोरारजी गोकुळदास या मुंबईच्या भाटिया व्यापाऱ्यानें येथें गिरणी उभारिली. तीच पुढें 'जुनी मिल' म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे भांडवलहि बाहेरचेंच! धनिकास कोणी परका म्हटलें नाहीं. तो शब्द श्रमिकाच्याच वांट्यास आला.

करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर या भागांतून पद्मशाली कुटुंबें आलीं, त्यांनीं पूर्वभागांत माग मांडिले. पुरुषानें माग चालवावा व स्त्रीनें घरीं विड्या वळाव्या, असा अनेक घरांचा क्रम पडला. नारळी पौर्णिमेस निघणारा मार्कंडेयाचा रथ आज साऱ्या नगराचा उत्सव आहे. आणि ज्या चादरीनें या नगराचें नांव देशोदेशीं नेलें, ती बहुतांशीं याच हातांनीं विणिली.

दुसरें प्रमाण अधिक गंभीर आहे. १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे हे चौघे सोलापूरकर फांसावर चढले. या चार नांवांतच नगराची घटना उघड दिसते.

कोणी म्हणेल, पोटासाठीं आलेले पोट संपतांच जातील. परंतु १९६३ सालीं जुनी मिल बंद पडली, पुढें इतर गिरण्याहि गेल्या; तरी सोलापूर ओस पडलें नाहीं. उलट नगर वेशीबाहेर सरकलें. दक्षिण सोलापूर तालुक्यांतील कुंभारी येथें २००६ सालीं दहा हजार विडीकामगार स्त्रियांना गोदूताई परुळेकर वसाहतींत घरें मिळालीं. तेथेंच असंघटित कामगारांसाठीं योजिलेल्या तीस हजार घरांपैकीं पंधरा हजार घरें १९ जानेवारी २०२४ रोजीं त्यांच्या स्वाधीन झालीं. स्वतःच्या नांवाचें घर बांधणाऱ्यास पाहुणा कसें म्हणावें?

कुंभारी हें नांव 'कुंभकार' शब्दावरून आलें असावें. तसें असल्यास एका जुन्या कारागिरीचें स्मरण करून देणाऱ्या भूमीवर दुसरी कारागिरी वसली, असें म्हणतां येईल. सनदा व बखरी आम्ही जपतोंच. परंतु या घरांतील वृद्ध स्त्रिया आपलें मूळ गांव, प्रवास व पहिला माग यांची हकीकत आज सांगूं शकतात. ती त्यांच्यामागें उरणार नाहीं. ती आतांच टिपून ठेवावी, ही संशोधकांस आमची विनंति आहे.