हेमंतात तापीवरील नाव

खानदेशचे जुने कागद चाळणारांत एक समज रूढ आहे की, तापीवरील नाव ही पावसाळ्यापुरती. कार्तिकी झाली की नदीस उतार पडतो व नावाड्याचे काम संपते. ह्यामुळे एखाद्या पत्राची मिती पौषाची असून आत नावेने पार झाल्याचा उल्लेख आला, तर मितीच खोटी ठरविण्याकडे कल होतो. हा संशय बहुधा अस्थानी आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम ग्रंथाधार पाहू. शामशास्त्री यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात नावध्यक्षाचे प्रकरण आहे. आषाढीनंतर सप्ताह लोटल्यापासून कार्तिकीपर्यंत तराचा काळ, असे तेथे म्हटले आहे खरे. वरील समजास एवढा आधार पुरेसा वाटावा. परंतु त्याच प्रकरणात, ज्या महानद्या हेमंतात व ग्रीष्मातही नावेनेच तराव्या लागतात त्यांवर मोठ्या नावा, आणि केवळ पावसाळ्यात वाहणाऱ्या लहान नद्यांवर लहान नावा, असा भेद केला आहे. मोठ्या नावेवर शासक, नियामक, कोयता व दोर धरणारा आणि पाणी उपसणारा इतकी माणसे सांगितली आहेत. तेव्हा हिवाळी नाव शास्त्रकारास ठाऊक होती. तापी कोणत्या वर्गातली, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या मते ती ठिकाणपरत्वे दोन्ही वर्गांतली होय. चांगदेवास पूर्णा मिळाल्यावर पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, मुडावदास पांझरा व प्रकाशे येथे गोमाई असे पाणी तिला मिळत जाते. काठ गाळाच्या मातीचे, उंच व घळींनी फाटलेले. त्यामुळे वाटेल तेथे गाडी खाली उतरत नाही. जेथे पात्र उथळ, तेथे बैल पाण्यातून जात. जेथे डोह, तेथे पौषातही नावच. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा व घोड्यांचा बाजार मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे ऐन थंडीत भरतो, हेही लक्षात ठेवावे.

आता नाव लावण्याविषयी. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, आम्हास अशाच एका डोहावरून पहाटे पलीकडे जावे लागे. दगडी धक्का नव्हता. चिखलाचा काठ हाच धक्का. पाणी रोज थोडे ओसरे, म्हणून रात्री काठाशी बांधलेली होडी सकाळी कोरड्यावर सापडे. ती तशीच दोन दिवस राहिली तर लाकूड सुकून सांधे उकलतात. यास्तव नावाडी तिच्यात मुद्दाम थोडे पाणी ठेवी व निघण्यापूर्वी ते उपसून काढी. जळगाव-धुळ्याकडे पौषात पारा पुष्कळदा 10 अंशांखाली जातो. त्या गारठ्यात ओला दोर सोडताना बोटे वळत नसत, तेव्हा तो गाठ न मारता खुंट्याला नुसते वेढे देई.

आम्ही विचारले, पाणी इतके संथ असता एवढी खबरदारी कशाला? तो म्हणाला, "गुरुजी, आते पानी नही, वारा वढस." आता पाणी नव्हे, वारा ओढतो, असा त्याचा आशय. पावसाळ्यात प्रवाह नावेस नेतो. हिवाळ्यात प्रवाह मंद पडतो आणि सातपुड्याकडून येणारा वारा तिचा धनी होतो. रिकामी होडी पाण्यावर उंच बसते व वारा अधिक धरते, म्हणून तो तळाशी वाळूच्या दोन गोण्या टाकी. वारा उत्तरेचा असल्यास दक्षिण काठावर होडी आपोआप येऊन चिकटते, पण निघताना सुटत नाही. उत्तर काठावर उलट, वल्हे थांबताच ती मागे सरते. म्हणून उत्तरेस लागताना तोंड काठाकडे व वाऱ्यास समोर ठेवून, पुढचा दोर घेऊन एकाने आधी उडी घ्यावयाची आणि तो आवळला जाईपर्यंत वल्हे सोडावयाचे नाही. उतारूंनी तोवर उठू नये, ह्यासाठी तो आम्हासही दरडावी.

अमरकोशाच्या वारिवर्गातील क्षेपणी, अरित्र, सेकपात्र, आतर हे शब्द आम्ही मुलांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतले; सेकपात्र म्हणजे काय ते मात्र त्या होडीतील पत्र्याचा डबा हाती घेतल्यावरच कळले!

आजचे पात्र पाहून ह्या प्रश्नाचा निर्णय करू नये. हातनूरचे धरण 1982 चे. पुढे सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशे येथे बंधारे होऊन जेथे उतार होता तेथेही पाणी तुंबले, व पुलांमुळे नावा बसल्या. ज्यांच्या संग्रही तापीकाठच्या घाटांचे हिशेब असतील त्यांनी वर्षाची बेरीज पाहून न थांबता मार्गशीर्ष, पौष व माघ ह्या महिन्यांच्या रकमा निराळ्या काढाव्या, आणि घाटाच्या नावापुढे डोह की उथळ हे गावच्या वृद्ध भोई-कोळ्यांस विचारून लिहावे. तशी टिपणे आल्यास आम्ही ती मूळ कागदांशी ताडून पाहू.