मुंबई हाय : समुद्रतळाशी दडलेला चुनखडक

चाकणच्या संग्रामदुर्गाभोवती कुठेही खणले तरी काळा पाषाणच लागतो. पिंपरी-चिंचवडचे कारखानेही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या याच लाव्हावर उभे आहेत. त्यात तेल शोधणे व्यर्थच. परंतु हा लाव्हा कोकण ओलांडून अरबी समुद्राखालीही पसरलेला आहे, आणि तिथे त्याच्यावर गाळाच्या खडकांचे थरांवर थर साचले आहेत.

किनाऱ्यालगतचा भूभाग हळूहळू खचत गेला, उथळ व उबदार समुद्र आत शिरला. शैवाल आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांचा चुना लक्षावधी वर्षे तळाशी साठत राहिला. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या या सच्छिद्र चुनखडकात खालच्या जुन्या पंकाश्मातून तेल झिरपत आले. वरच्या अभेद्य थरांनी ते कोंडून ठेवले.

या खोऱ्यातील शैलसमूहांची नावे वाचताना कोकणचा नकाशाच समोर उलगडतो : वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे. मधूनच पन्ना, मुक्ता, हीरा. नावे ठेवणाऱ्यांची रसिकता दाद देण्याजोगी आहे.

१९६० च्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने भूकंपीय लहरींच्या साहाय्याने येथील उंचवटा हेरला. खोल समुद्रात छिद्र घेण्याचे साधन मात्र भारतापाशी नव्हते. जपानमध्ये बांधलेले ‘सागर सम्राट’ आले ते १९७३ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेलाचे दर जवळजवळ चौपट झाले. आपल्या गरजेचे बहुतांश तेल आयात होत होते. आकुर्डीच्या स्कूटरपासून ट्रकपर्यंत सारी चाके परकीय चलनावर फिरत होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादनास आरंभ झाला. हा वेग आजही थक्क करतो. १९८० च्या दशकात देशाच्या तेल-उत्पादनातील सर्वांत मोठा वाटा याच एका क्षेत्राचा होता.

त्याची किंमतही मोजावी लागली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतील महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, जखमी कर्मचाऱ्याला घेऊन आलेले जहाज ‘मुंबई हाय उत्तर’च्या फलाटावरील तेलवायूच्या उभ्या नळावर आदळले. आगीत संपूर्ण फलाट भस्मसात झाला, २२ जणांचा बळी गेला. खवळलेल्या पावसाळी समुद्रातून ३६० हून अधिक माणसे वाचवण्यात आली.

चुनखडकातील बरेचसे तेल आजही त्याच्या छिद्रांतच अडकलेले आहे. ते पुढे ढकलण्यासाठी समुद्राचेच पाणी दाबाने खाली सोडले जाते.