एका गावच्या तीन शाळा



जून महिना जवळ आला की बाजारात, पारावर, एस. टी. स्टँडवर एकच बोलणे कानावर येते. "पाहुणं, पोराला कुठल्या शाळेत घालायचं म्हणता?" मग कोणी निकालाचे आकडे सांगतो, कोणी इमारतीची तारीफ करतो, तर कोणी शिस्तीचे गोडवे गातो. ही सारी माहिती कामाची खरीच. पण एवढ्यावरून शाळा चांगली की वाईट हे ठरते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण साताऱ्याला जाऊ.

सातारा म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे गाव. छत्रपतींची ही राजधानी. १८४८ साली इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि राजधानीचे जिल्ह्याचे ठाणे झाले. मुंबई-पुण्यापुढे गाव लहान, पण शाळांच्या इतिहासात त्याचा मान मोठा. येथे तीन तऱ्हेच्या तीन शाळा उभ्या राहिल्या.

पहिली सरकारी. जुन्या राजवाड्यात भरणारे हे हायस्कूल पुढे छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेच्या इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजींचा हा मुलगा. पुढे त्यानेच देशाची घटना सिद्ध करण्यात सिंहाचा वाटा उचलला. त्या दिवसाची आठवण म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो.

सरकारी शाळेचे दार कायद्याने सर्वांना मोकळे होते, ही लहान गोष्ट नव्हे. पण दार उघडे असणे निराळे आणि आत सन्मानाने बसायला मिळणे निराळे. साताऱ्याच्या बालपणाविषयी बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. वर्गात त्यांना एका कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची सोय नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. हजेरीपटावर नाव होते. वर्गात जागा मात्र कोपऱ्यातच होती.

दुसरी शाळा न्यू इंग्लिश स्कूल. ही १८९९ सालची, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या परंपरेतली. १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या या सोसायटीचा बाणा असा की, शिक्षण सरकारवर सोपवून स्वस्थ बसायचे नाही. आपल्या माणसांनी ते आपल्या हाती घ्यायचे. त्यासाठी आजीव सभासदांनी मोठ्या पगाराची आशा सोडली आणि उमेदीची वर्षे अल्प वेतनावर शाळेला वाहिली. मास्तर मनापासून शिकवू लागला म्हणजे शाळेला कसे तेज चढते, ते या शाळांनी दाखवून दिले. पण अशी शाळा चालायची तर फी हवी. खेड्यातल्या कुळाच्या पोराने फी कोठून आणावी? आणि आणलीच, तर शहरात राहावे कोठे, खावे काय?

या प्रश्नाला भिडला तो तिसरा प्रयत्न. तो करणारे भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेले नव्हते. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ते साताऱ्यात आले. त्यांनी आरंभ केला तो वर्गापासून नव्हे, वसतिगृहापासून. आधी पोराच्या डोक्यावर छप्पर आणि पोटात भाकरी, मग पाटीवर अक्षर, असा त्यांचा सरळ हिशेब. मराठा, महार, जैन, मुसलमान, सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसली. एकदा बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पुढे १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुलांनी अंगमेहनत करावी आणि त्या बळावर शिकावे, अशी रीत होती. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य तेथे नुसते भिंतीवर राहिले नाही; पोरांच्या हाताला त्याचे घट्टे पडले.

आता या तिन्हींत श्रेष्ठ कोणती? असा निवाडा करणे बरोबर होणार नाही. सरकारने दार उघडले, सोसायटीने मास्तर घडवला, रयतेने भाकर आणि पंगत दिली. एकीचे उणे दुसरीने भरून काढले, म्हणून साऱ्या मुलखाचे भले झाले.

कायदा पुढे बराच चालून आला. १९९५ पासून शाळेत दुपारच्या आहाराची देशव्यापी योजना सुरू झाली. २००९ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला. पण कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. वर्गातली जागा माणसांनीच द्यायची असते.

म्हणून पालकहो, शाळा पाहायला जाल तेव्हा निकाल जरूर विचारा. पण त्याआधी थोडे थांबून पाहा. गरिबाघरचे पोर कोठे बसले आहे? पाणी सगळे एकाच ठिकाणी पितात ना? लांबच्या वाडीवरची मुलगी सातवीनंतर येते की तिचे नाव गळाले?

आणि गुरुजी, उद्या हजेरी घेताना एक करा. नाव पुकारले आणि "हजर" असा आवाज आला, की मान वर करून पाहा. तो आवाज कोपऱ्यातून तर येत नाही ना?