खडकीची हवा: दोन अ‍ॅप, दोन आकडे, असं का?

सकाळी खडकीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळायला निघालात. एका अ‍ॅपवर एक्यूआय १००, दुसऱ्यावर १५०. खोटं कुणीच बोलत नाही, मोजपट्टी वेगळी आहे. हवेत पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय मोजपट्टीवर १०० येतात, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकन मोजपट्टीवर तीच हवा १५० च्या पुढे, म्हणजे 'अपायकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा तर फक्त १५ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे 'समाधानकारक' वाचून फार खूश होऊ नका.

भारतीय आकडा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर मिळतो. पण तो मागच्या २४ तासांच्या सरासरीवरून काढतात, आणि जवळच्या केंद्राचा असतो, तुमच्या गल्लीचा नाही. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकते, धूरही तिथेच साचतो. ऊन वर आलं की पांगतो. जानेवारीत पहाटेचं पळणं थोडं उशिरा करा, नाहीतर हमरस्ता सोडून आतल्या रस्त्याने पळा. (मैदानापर्यंत बाइक काढणार असाल, तर मग काय बोलणार!) पळताना खोकला, दम लागणं वाढलं तर ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.