चौथ्या दिवसापासून

आपल्याकडे मय्यतीचा सोग तीन दिवसांचा. नवरा गेला तर बाईला चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. भाऊ गेला तर भावाबहिणीला तीन दिवस. तोवर शेजारपाजारचे जेवण आणून देतात. चौथ्या दिवशी चूल पेटते, दुकान उघडतं. ही मुदत माणसाच्या भल्यासाठीच आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण भावंडाच्या मृत्यूवर चित्रपट करायचा म्हटलं, तर खरी कथा चौथ्या दिवशी सुरू होते. आपला सिनेमा बहुतेक वेळा त्याआधीच संपतो.

'गंगा जमना' (1961) घ्या. दिलीपकुमार यांची स्वतःची कथा, स्वतःची निर्मिती. दिग्दर्शक नितीन बोस, अवधी बोलीतले संवाद वजाहत मिर्झांचे. थोरला गंगा राबून धाकट्याला शिकवतो, धाकटा पोलीस होतो आणि अखेर त्याच्याच गोळीनं थोरला मरतो. धाकट्याच्या भूमिकेत दिलीपकुमार यांचे सख्खे भाऊ नासिर खान होते. फाळणीनंतर पाकिस्तानात तयार झालेल्या पहिल्या चित्रपटाचे, 'तेरी याद' (1948) चे नायक हेच नासिर खान. पुढे ते मुंबईला परतले. म्हणजे पडद्यावर एकमेकांना गमावण्याआधी या दोन भावांनी सरहद्दीची ताटातूट भोगलेली होती. इतकं सगळं हाताशी असताना चित्रपट गंगाच्या मरणापाशी थांबतो. ज्यानं गोळी झाडली तो जमना दुसऱ्या दिवशी वर्दी चढवून कचेरीत गेला का, भावजयीची आठवण निघाली की त्यानं काय केलं, हे आपल्याला कळत नाही. चित्रपट मोठाच आहे, पण तो कायद्याचा आणि कर्तव्याचा आहे. शोकाचा नाही.

नासिर खान 1974 साली वारले. पुढच्याच वर्षी 'दीवार' आला. सलीम-जावेद यांनी 'गंगा जमना'चं ऋण लपवलेलं नाही. इथेही भावाची गोळी भावालाच लागते, विजय आईच्या मांडीवर प्राण सोडतो. रवीच्या वाट्याला पदकाचा समारंभ येतो, आणि तेही तो आईच्या हाती सोपवतो. दुःख आईचं झालं. धाकट्याला रडायला जागाच उरली नाही.

हे आमच्या मुळशीतही पाहिलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या तीन पोरांनी मोबाईलवर लघुपट करायचं ठरवलं. कल्पना चांगली होती: टाटांच्या धरणात पोहायला गेलेला भाऊ परत येत नाही. उन्हाळ्यात अशी बातमी इथे नवी नाही. पण आठवड्याभरात कथेत जमिनीचा एजंट शिरला, त्यानं भावाला पाण्यात ढकललं आणि धाकटा कोयता घेऊन निघाला. 'मुळशी पॅटर्न' (2018) आल्यापासून इथल्या पोरांना गुंठा आणि गुंड यांच्याखेरीज काही सुचत नाही! "टीचर, व्हिलन नसेल तर पिक्चर कसला?" हा त्यांचा सवाल. गुन्हेगार सापडला की शोकाचा सूड होतो, आणि सूड दोन तासांत उरकता येतो. पाण्यावर कोयता कसा उगारणार?

जुन्या मराठीला हे ठाऊक होतं. 1296 साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. निवृत्तिनाथ त्यांचे थोरले भाऊ आणि गुरूही. त्यापाठोपाठ सोपानदेव सासवडला गेले, मग मुक्ताबाई गेल्या. निवृत्तिनाथ मागे राहिले. नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत हा ज्ञानी थोरला भाऊ अक्षरशः कोसळलेला दिसतो. आईबाप सोडून गेले तेव्हाही असं संकट आलं नव्हतं, असं तो म्हणतो. दोषी कुणीच नाही, म्हणून दुःखाला पळवाटही नाही.

सिनेमात ही जागा मला सापडली ती उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मध्ये (2009). लेखन गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांचं. निर्मिती कुणाची, तर 'दीवार'मधल्या विजयची, म्हणजे अमिताभ बच्चन यांच्या कंपनीची! आजोळी जमलेल्या भावंडांत समीर आणि नचिकेत. नचिकेत विहिरीत बुडतो. चित्रपट तिथे संपत नाही. पट्टीचा पोहणारा समीर लपाछपीचा डाव अजून चालू असल्यासारखा त्याला शोधत फिरतो. सख्खा नसलेल्या भावासाठी एवढा शोक पडद्यावर क्वचितच दिसला असेल.

त्या पोरांना मी आणखी एक कथा सुचवली. नावं, गाव बदलूनच करायची. 21 ऑगस्ट 2020 रोजी दिलीपकुमार यांचे धाकटे भाऊ असलम खान कोरोनानं गेले. 2 सप्टेंबरला एहसान खान. दिलीपसाहेब तेव्हा 97 वर्षांचे होते. त्यांना हे सांगितलेलं नाही, असं सायराबानूंनी त्या वेळी वृत्तपत्रांना सांगितलं. 7 जुलै 2021 रोजी तेही गेले. ज्या घरात बाकी सगळ्यांचा सोग सुरू आहे आणि एका खोलीत तो पोचूच द्यायचा नाही, अशा घरावर पटकथा लिहा, म्हटलं. व्हिलन लागत नाही. पहिल्या दृश्यात कुणीतरी ताजियतीला येतं आणि दारातच त्याला हळू बोलायला सांगितलं जातं.