दिल्लीचा भोपळा आणि बालाघाटचं सीताफळ

दिल्लीतल्या एका साध्या खानावळीत फळ्यावर 'सीताफल की सब्जी' असं लिहिलं होतं. सीताफळाची भाजी करतात हे मला नवीन होतं, म्हणून हौसेने मागवली. वाटीत आला लाल भोपळा, मेथीदाण्याच्या फोडणीतला, वर आमचूर. वाढप्याला म्हटलं, हे सीताफळ नव्हे. तो म्हणाला, यही तो है. आपल्या सीताफळाचं वर्णन करून सांगितलं तेव्हा तो हसला. त्याला तिकडे शरीफा म्हणतात.

पुरीबरोबर तो भोपळा संपवला आणि त्या दिवसापासून हा शब्द मानगुटीवर बसला. दोन फळं, दोन्ही आपल्या मातीतली नव्हेत, एक वेलीवरचं आणि एक झुडपावरचं, चवीत, रूपात, वापरात काडीचं साम्य नाही. तरी नाव एक.

सीताफळ इथलं नाही हे पहिल्यांदा ऐकलं की पुष्कळांना पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. मी ज्या वाटेने गावी जातो, त्या सोलापूर-धुळे रस्त्यावर तेरखेडा लागतं. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. दिवाळीच्या आधी रस्त्याकडेला फटाक्यांची दुकानं गच्च भरलेली असतात आणि त्यांच्याच मधेमधे बायका पाट्या घेऊन बसतात. पाटीत सीताफळं, खाली-वर त्याचाच पाला. एकाच थांब्यावर चीनची दारू आणि अमेरिकेचं फळ, आणि दोन्हींवाचून आपली दिवाळी होत नाही.

ही फळं बागेतली नसतात. बालाघाट डोंगररांगेच्या माळावर, मुरमाड उतारावर, पडक्या गढ्यांच्या आसपास हे झुडूप आपलं आपण वाढतं. कोणी लावत नाही, पाणी देत नाही. बाकीचं सगळं शेळ्यांनी ओरबाडलेलं असताना हेच हिरवं कसं, याचं कारण सोपं आहे. उग्र वासामुळे शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. बीसुद्धा विषारी. जुन्या बायका उवा मारायला ते कुटून लावत, पण डोळ्यात गेलं तर डोळा जायची भीती. चारशे-साडेचारशे वर्षांत या पाहुण्याने डोंगरच्या डोंगर बळकावले ते या दोन हत्यारांवर.

चारशे वर्षं म्हणालो, पण वाद इथेच सुरू होतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली भारहुतच्या स्तूपावरचं पुस्तक काढलं आणि तिथल्या कोरीवकामात सीताफळ आहे असं सांगितलं. स्तूप इसवीसनाच्या आधीचा, म्हणजे फळ कोलंबसाच्या दीड हजार वर्षं आधी इथे होतं! अजिंठ्याच्या भिंतींवरही काहींना ते दिसलं. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात यावर लांबलचक खल आहे. मला विचाराल तर दगडात कोरलेलं खवलेदार गोल काहीही असू शकतं. कदंबाचं फूल घ्या, कमळाची कळी घ्या, लहान फणस घ्या. शिल्पकाराने खाली नाव लिहिलेलं नाही.

बी मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. मिर्झापूर जिल्ह्यातल्या टोकवा इथे उत्खननात सीताफळाचं जळालेलं बी मिळालं, आणि अनिल कुमार पोखरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात त्याचं वय कोलंबसाच्या कितीतरी शतकं आधीचं असल्याचं मांडलं. कोलंबसाआधी कोणीतरी महासागर ओलांडला असावा, असा त्याचा अर्थ. हे विधान मी खिशात टाकू शकत नाही आणि फेकूनही देऊ शकत नाही. पण एका बियेवर महासागर ओलांडायचा म्हणजे फार झालं. तेव्हा फळ होतं तर पुढची दोन-तीन हजार वर्षं ते कुठे लपलं होतं? संस्कृत कोशांत 'गण्डगात्र' म्हणजे अंगभर गाठी असलेलं असं एक नाव मिळतं खरं, पण ते उत्तरकालीन आहे. आंबा, जांभूळ, बोर, बेल यांच्या बाबतीत वाङ्मयाने इतकी कंजुषी कधी केलेली नाही.

शब्द मात्र पोर्तुगीज जहाजांची साक्ष खणखणीत देतात. मेक्सिकोत या फळाचं जुनं नाव 'आते'. पोर्तुगीजांनी त्याचं 'आता' केलं. बंगालात आजही सीताफळ म्हणजे 'आता', केरळात 'आत्त', फिलिपाइन्समध्ये 'आतिस'. रामफळाला बंगाली माणूस 'नोना' म्हणतो, तो कॅरिबियन बेटांवरच्या 'अनोन'चा शेंडा खुडलेला अवतार. हाच 'अनोन' युरोपात गेल्यावर पंडितांना त्यात लॅटिन 'अन्नोना' ऐकू आला, म्हणजे वर्षाचं पीक, धान्याचा साठा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली 'अन्नोना स्क्वामोसा' असं नाव कायम केलं. स्क्वामोसा म्हणजे खवल्यांची. परका शब्द कानावर आला की माणूस त्यात आपल्या घरचा शब्द शोधतो. लिनियससारखा माणूसही याला अपवाद नव्हता.

माझे एक भाषाप्रेमी मित्र म्हणतात की आपल्याकडे हेच झालं. 'आता' ऐकलं, 'सीता' जुळलं, पुढे फळ लावलं. मोहक आहे. पण त्यांना मी दिल्लीचा भोपळा वाढतो. भोपळ्याला कोणत्या जहाजावर कोणी 'आता' म्हटलं होतं? त्यावर ते गप्प होतात.

दुसरा पक्ष 'शीतफल'वाल्यांचा, आणि तो जोरकस आहे. फळ थंड, म्हणून शीतफल, त्याचं सीताफळ. भोपळाही थंडच, त्यामुळे दिल्लीचा पुरावा यांच्याच बाजूने जातो. यांच्याविरुद्ध माझ्याकडे एकच अस्त्र आहे, ते मराठीच्या स्वभावाचं. मराठीला इकाराआधी श आवडतो. सीमा आपल्याकडे शीव झाली, सिन्दूर शेंदूर झाला, सीव् धातूचं शिवणं झालं. शीतलचा तर शिळा झाला, पण श सुटला नाही. जी भाषा स चा श करते, ती शीतफलाचा श टाकून स कशाला घेईल? या युक्तिवादावर मी बरेच दिवस खूश होतो.

मग तेरखेड्याच्या त्या पाटीजवळ उभा राहिलो. मावशी ओरडत होत्या, "शिताफळं घ्या, शिताफळं!" सगळा मराठवाडा शिताफळच म्हणतो. अर्थात तो सीताबाईलाही शिताबाईच म्हणतो. म्हणजे बोलीकडून निकाल लागत नाही, आणि लेखी 'सीताफळ' हिंदीकडून वा दख्खनीकडून आलं असेल, जिथे शीतलचं सीतल होतं, तर माझं अस्त्र बोथट. हे कबूल करून टाकतो.

आता माझं मत. 'सीता' या शब्दाचा मूळ अर्थ नांगराची तास. जनकाला लेक नांगरताना सापडली म्हणून तिचं नाव सीता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या अधिकाऱ्याला 'सीताध्यक्ष' म्हटलं आहे, त्याचा रामकथेशी काही संबंध नाही. भोपळा तासात लोळत वाढणारं फळ, तेव्हा त्याला सीताफळ म्हणणं अगदी चपखल. पण आपलं सीताफळ तासात येत नाही, ते नांगर न लागणाऱ्या जागी येतं. मग? मला वाटतं, दोघांना जोडणारी गोष्ट वेगळी आहे. दोन्ही फळं आईबाप ठाऊक नसलेली. एक दिवस जमिनीत सापडली. पेरल्याचं कोणाला आठवत नाही, आजोबांनी खाल्ल्याचं कोणी सांगत नाही, आणि फळ तर गोड. अशा सापडलेल्या लेकीला सीता नाही तर काय म्हणायचं? उत्तरेत खऱ्या सीताफळाला शरीफा हे नाव आधीच मिळालं होतं, तेव्हा रिकामं नाव भोपळ्याने उचललं. उत्तरेत भोपळ्याला काशीफळही म्हणतात. परक्याला देवाधर्माच्या नावाने पंगतीत बसवायची ही जुनी रीत. आपल्या उपवासाच्या ताटातले बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंद, सगळे अमेरिकेचेच.

आणि रामफळ? लक्ष्मणफळ, हनुमानफळ? कुटुंबच्या कुटुंब उभं असताना तास कुठून काढली, असं विचारणारे बरोबर विचारतात. लक्ष्मण आणि हनुमान ही शेपटं मागाहून जोडलेली, याबद्दल मला शंका नाही. रामफळ रामनवमीच्या आगेमागे पिकतं, त्याला तेवढं कारण पुरे. सीता आधी आली आणि राम तिच्यामागून. येडशीजवळच्या रामलिंगला जटायूची कथा सांगतात, त्यामुळे आमच्या भागात हे क्रमाचं बोलणं जपून करावं लागतं.

शरीफाचं एक राहिलं. शरीफ म्हणजे खानदानी. ब्राझीलमध्ये हेच फळ 'फ्रुता दो कोंदे', म्हणजे काउंटचं फळ. कारण मिरांडाच्या काउंटने, तिथल्या गव्हर्नरने, ते १६२६ साली बाहियात आणलं. तिकडे काउंट, इकडे शरीफ! एकाच पोर्तुगीज साम्राज्याच्या दोन टोकांना एकच सरदारी नाव. मी तर म्हणतो भाषांतरच आहे. पुरावा शून्य.

नावाचा हा खटाटोप कशाला, असं घरचेही विचारतात. कुळ कळलं की सोयरीक कुठे करायची ते कळतं, हे त्याचं उत्तर. त्या मावशींच्या पाटीतून मी पाच फळं घेतली, तीही वेगवेगळी दिसणारी मुद्दाम निवडून. मावशी वैतागल्या. "दादा, असं हुडकून काय घ्यायलाव? डोळं बघा की. डोळं फाकलं की उद्या पिकतंय." त्या बोटाने दाखवत होत्या: खवल्यांमधल्या रेघा रुंदावून पिवळसर झाल्या होत्या. दोन दिवसांनी फळं फोडली. एकाचे डोळे मोठे, उठावदार, तर दुसऱ्याचे चपटे, जवळजवळ गुळगुळीत. एकाचा गर रवाळ आणि पाकळ्या सुट्या, एकाचा लगदा. एकाची साल हातात तुकडे होऊन पडली, एकाची चामड्यासारखी. सगळ्यात मोठ्यात बिया त्रेपन्न, सगळ्यात गोड होतं त्यात एकोणीस. पाचही एकाच डोंगराची.

याचं कारण फुलात आहे. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर होतं, आणि दोन्ही वेळा सहसा जुळत नाहीत. त्यामुळे परागकण बारीक भुंगेरे दुसऱ्या फुलातून आणतात, आणि प्रत्येक बी नवा डाव मांडते. डोंगरावरचं एकेक झुडूप म्हणजे कोणी न केलेला प्रयोग. अंबाजोगाईला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. त्यांचा 'धारूर-६' हा वाण धारूरच्या डोंगरातल्या झाडांतून निवडलेला. शेजारच्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याचे नवनाथ कसपटे यांनी आपल्या बागेत वेगळं दिसलेलं झाड हेरून 'एनएमके-१ गोल्डन' उभा केला, आणि त्याची कलमं आज राज्याबाहेरही गेली आहेत. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे दोन्ही वाण म्हणजे निवडीचं काम. डोळसपणे बघितलं आणि बाजूला काढलं.

पण निवड डोंगरात जेवढं आहे तेवढ्यापुरतीच चालते. फळ चार-पाच शतकांपूर्वी मूठभर बियांतून आलं असेल, तर बालाघाटचं सगळं वैविध्य त्या मुठीतलं. बाकीचं माहेरी, अमेरिकेत. कमी बियांचं फळ हवं तर तिकडचं रक्त आणावं लागतं, आणि बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने 'अर्का सहान' करताना तेच केलं. त्याचा एक पालक सीताफळाचा 'मॅमथ', दुसरा अटेमोया. अटेमोया म्हणजे सीताफळ आणि हनुमानफळाचा संकर, पहिल्यांदा फ्लोरिडात १९०८ साली केलेला. नाव फोडून बघा: हनुमानफळाच्या 'चेरिमोया' या नावातलं 'मोया', आणि आधी 'अटे'. तोच मेक्सिकोचा 'आते'! जो शब्द महाराष्ट्राने कधी घेतलाच नाही, तो कलमाच्या काडीतून मागच्या दाराने आत आला.

बागा मात्र आता दोन-तीन वाणांच्या कलमांनी भरत चालल्या आहेत. शेतकऱ्याचं त्यात चुकत नाही, मोठं फळ बाजारात पैसे देतं. पण कलम म्हणजे एकच झाड हजारदा. इकडे डोंगरावरची झुडपं जळणाला तुटतात, वणव्यात जातात, पवनचक्कीच्या रस्त्याखाली जातात, आणि पाटीतलं ते एकोणीस बियांचं फळ कोणत्या झाडाचं होतं हे मावशींनाही सांगता येत नाही.

तुमच्या गावच्या माळावर असं एखादं झाड असेल, ज्याची फळं पोरं आधी पळवतात, तर त्याला खुणेची चिंधी बांधा आणि त्याची काडी एखाद्या रोपवाटिकेत कलमाला द्या. तिकडे त्याला सीताफळाऐवजी दुसरं काही नाव असेल, तर ते मला जरूर कळवा.